इलेक्ट्रिक गोल्फ ट्रॉली घ्यायची आहे, कोणती घ्यावी आणि कशी वापरावी?

थेम्सकाठी
नमस्कार मंडळी, इथे गोल्फ खेळणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे म्हणून विचारतोय. मी इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो, इतके दिवस बॅग खांद्यावर टाकून खेळायचो पण आता डावा खांदा धरायला लागलाय आणि फिजिओने स्पष्टच सांगितलं की खेळ सोडू नका पण ते वजन सोडा. मित्राची साधी ढकलायची ट्रॉली वापरून बघितली, सपाटीवर छान चालते पण आमच्या कोर्सवर शेवटची चार होल्स चढाची आहेत आणि तिथे ढकलताना सगळा जोर पुन्हा त्याच खांद्यावर. बग्गीत बसून फिरायचं नाहीये, १८ होल्स चालले की आठ-दहा किलोमीटर होतात आणि माझा तेवढाच काय तो आठवड्याचा व्यायाम.

तर बजेट ७०० ते ८०० पाउंड. जीपीएसवाली (स्क्रीनवर अंतर दाखवणारी) घ्यावी का, रिमोटवाली घ्यावी का, सेकंडहँड घ्यावी का, थंडीत चालते का, बॅटरी किती टिकते, जे माहीत असेल ते सांगा. दुकानात गेलो तर अर्धा तास नुसता स्क्रीनच दाखवत होता तो माणूस. बाबा पुण्यात खेळतात, जमल्यास त्यांच्यासाठीही एक न्यायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा.

डोंगरवाट
मी डर्बीशायरमध्ये खेळतो, आमच्याकडे सपाट होल शोधावं लागतं त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो :)

सगळ्यात आधी स्क्रीन विसरा. ट्रॉलीने खांदा वाचवायचा तर कोर्सवर ती वाचवतेच, प्रश्न कार पार्कमध्ये येतो. नुसती ट्रॉली बॅटरीशिवाय नऊ-दहा किलोची असते, लिथियम बॅटरी दोन-तीन किलो, बॅग चौदा क्लब (म्हणजे काठ्या), बॉल, पाणी, रेनसूट सगळं धरून बारा-पंधरा किलो सहज. ते तुम्हाला डिकीत टाकायचंय आणि काढायचंय, प्रत्येक वेळी. रिमोटवाल्या ट्रॉलीत दोन मोटर असतात म्हणून त्या अजून चार-पाच किलोने जड. त्यामुळे दुकानात जाऊन पहिलं काम हे करा की ट्रॉली घडी करून उचला, कमरेच्या उंचीपर्यंत, आणि त्याच डाव्या हाताने. शक्य असेल तर त्यांना सांगा की बाहेर येऊन माझ्या गाडीच्या डिकीत घालून बघू. घडी छोटी होते हे कॅटलॉगमध्ये सगळेच लिहितात पण तुमच्या डिकीत बॅगेच्या शेजारी ती मावते का हे तिथेच कळतं. बॅटरी आधी काढा, मग ट्रॉली उचला, एकदम सगळं उचलायचं नाही.

दुसरं ब्रेक. लोक चढाचा विचार करतात आणि उतार विसरतात. चढाला मोटर आहेच, कुठल्याही बऱ्या ट्रॉलीची मोटर पंधरा किलोची बॅग चढवते. पण उतारावर ट्रॉली, बॅटरी आणि बॅग मिळून पंचवीस-सत्तावीस किलोचं ओझं पुढे पळायला बघतं आणि साध्या मॉडेलमध्ये त्याला धरणारं फक्त तुमचा हात. म्हणजे परत खांदा! ब्रेकवाल्या मॉडेलमध्ये मोटरच उलटी ओढ देते आणि ट्रॉली तुम्ही ठेवलेल्या वेगानेच उतरते. मोटोकॅडी त्याला डीएचसी म्हणते, पॉवाकॅडी ईबीएस म्हणते, काम एकच. त्याच्याबरोबर पार्किंग ब्रेकही येतो, उतरत्या टीजवळ (होलचा पहिला फटका मारायच्या जागेजवळ) ट्रॉली उभी करून शॉट मारायचा तर तो हवाच. ब्रेकचे साधारण शंभर पाउंड जास्त पडतात आणि तुमच्या खांद्यासाठी ते जीपीएसच्या आधी खर्च करा असं मी अगदी कळकळीने सांगेन.

तुमच्या बजेटात मोटोकॅडी एम१ डीएचसी किंवा पॉवाकॅडीची एफएक्स मालिका बसावी. दोन्ही इंग्लंडातल्याच कंपन्या, पॉवाकॅडी १९८३ पासूनची, मोटोकॅडी २००४ ची. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की पार्ट आणि सर्व्हिस मिळते. माझ्या ओळखीच्या एकाने नाव न ऐकलेल्या ब्रँडची ऑनलाइन घेतली, निम्म्या किमतीत, वर्षभरात हँडलमधला कंट्रोलर गेला आणि तो पार्ट कुठेच मिळेना, अख्खी ट्रॉली गॅरेजमध्ये पडून आहे.

थेम्सकाठी
वा, इतकं सविस्तर, मनापासून आभार. उताराचा विचार खरंच डोक्यात आला नव्हता. आमचं सतरावं होल चढून गेलं की अठराव्याचा टी शॉट खाली दरीत आहे, तिथे सगळ्यांच्या ट्रॉल्या हाताने धरलेल्या बघितल्यात.

मेलबर्नकर
डोंगरवाट दादांशी बहुतेक सहमत पण रिमोटची बाजू मांडते. माझ्या पाठीचं ऑपरेशन झालंय, मला हँडल धरून चालताना किंचित पुढे वाकावं लागतं आणि दहाव्या होलनंतर ते दुखायला लागायचं. रिमोट घेतल्यापासून दोन्ही हात मोकळे, ताठ चालते, मैत्रिणींशी गप्पा मारत चालते, आणि बॉल एकीकडे नि रस्ता दुसरीकडे असेल तर ट्रॉली सरळ पुढे पाठवून मी आडवी जाते. माझी एमजीआयची आहे, इथलीच ऑस्ट्रेलियन कंपनी, त्यात जायरोस्कोप (दिशा धरून ठेवणारा सेन्सर) असल्यामुळे आडव्या उतारावरही बऱ्यापैकी सरळ रेषेत जाते. जायरोस्कोप नसलेल्या रिमोट ट्रॉलीला सतत डावीकडे-उजवीकडे बटण दाबत राहावं लागतं, लक्ष सगळं त्यातच जातं, तसली घेऊ नका.

पण रिमोटचे नियम स्वतःला घालून घ्यावे लागतात. पाण्याच्या दिशेने तोंड करून ट्रॉली कधीही उभी करायची नाही. रिमोट खिशात टाकायचा नाही, खिशात बटण दाबलं जातं, कमरेच्या पट्ट्याला क्लिपने लावायचा. आपण तिच्या पुढे चालायचं नाही. आणि कोर्सवर माणसं जवळ असतील तर सरळ हाताने चालवायची.

तुमच्यामागे आपोआप येणाऱ्याही असतात, ग्लॉस्टरच्या स्टुअर्ट कंपनीच्या, ब्लूटूथवर. बघायला फार सुंदर पण किंमत दोन हजार पाउंडांच्या आसपास किंवा वर, तुमच्या बजेटात नाही. खांदा दुखतो पण पाठ ठीक आहे ना? मग तुम्हाला रिमोटची गरज नाही, हँडलला नुसतं बोट लावून चालता येतं.

विद्युत_अभियंता
बॅटरीबद्दल मी लिहितो, न्यू जर्सीत असतो आणि कामच बॅटरी पॅकचं आहे.

जुन्या ट्रॉल्यांना लेड-ॲसिड असायची, दहा किलोच्या आसपास वजन, दोन-तीनशे वेळा चार्ज केली की दम जायचा, आणि अर्धवट चार्जवर ठेवली तर त्याआधीच. आता नवीन ट्रॉलीबरोबर लेड-ॲसिड कुणी देत असेल तर घेऊच नका, वाचवलेले पैसे तुम्ही उचलून फेडाल. लिथियम म्हणजे इथे अनेकदा लिथियम आयर्न फॉस्फेट, चार्जिंगची हजार-दोन हजार चक्रं आरामात काढते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने फोनमधल्या प्रकारापेक्षा शांत स्वभावाची. मोठे ब्रँड लिथियमवर पाच वर्षांची वॉरंटी देतात.

दुकानदार बारा व्होल्ट की अठ्ठावीस व्होल्ट यावर भाषण देतील. तुम्ही व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-अवर करा, वॉट-अवर येतात, तीच खरी टाकी. बारा व्होल्ट सोळा ॲम्पिअर-अवर म्हणजे १९२ वॉट-अवर, सपाट कोर्सवर १८ होल्सना भरपूर. पण तुमचा कोर्स चढाचा आहे, हिवाळ्यात गवत ओलं आणि जमीन मऊ, चाकं रुततात, तेव्हा तीच बॅटरी पंधराव्या होलला मान टाकू शकते. त्यामुळे ३६ होल्सची बॅटरी घ्या, एका दिवसात छत्तीस खेळणार नसलात तरी. अजून एक फायदा की मोठी बॅटरी दर वेळी निम्मीच वापरली जाते म्हणून जास्त वर्षं जगते.

चार्जिंगचं: खेळून आल्यावर त्याच दिवशी चार्जिंगला लावा, पूर्ण झालं की काढा. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नाही, त्यामुळे जानेवारीत थंडगार गॅरेजमध्ये लावून झोपायचं नाही, घरात आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या मग लावा. वापरायला थंडी चालते, फक्त पल्ला कमी होतो. दोन-तीन महिने खेळणार नसाल तर पूर्ण रिकामी ठेवू नका. आणि चार्जर त्या बॅटरीबरोबर आलेलाच वापरा, जुन्या लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावणं धोक्याचं आहे, प्लग बसतो म्हणून लावू नका.

मेलबर्नकर
उन्हाळ्यासाठी मी भर घालते, बॅटरी गाडीच्या डिकीत सोडू नका. इथे जानेवारीत बंद गाडीत हात लावता येत नाही इतकं तापतं.

थेम्सकाठी
अभियंता साहेब, जबरदस्त माहिती. मग बाबांसाठी पुण्याला नेताना बॅटरी चेक-इन बॅगेत टाकायची का हँडबॅगेत?

विद्युत_अभियंता
कशातच नाही. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी चालते, १०० ते १६० पर्यंत एअरलाइनच्या परवानगीने हँडबॅगेत, आणि १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. गोल्फ ट्रॉलीची बॅटरी साधारणपणे त्याच्या वरच. व्हीलचेअरसारख्या उपकरणांसाठी वेगळी सवलत असते पण ट्रॉली त्यात धरत नाहीत. एअरपोर्टवर काढून घेतील आणि ती परत मिळणार नाही. ट्रॉली नेता येईल, बॅटरी नाही, आणि पुण्यात त्याच कनेक्टरची बॅटरी शोधत बसावं लागेल.

बावधनवाला
तुमच्या बाबांसाठी पुण्यातून उत्तर देतो. मी त्यांच्या वयाचाच असेन कदाचित, येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर आणि कधीकधी इकडे पुण्यातल्याच ऑक्सफर्ड कोर्सवर खेळतो.

आणू नका असंच सांगेन. एक तर सर्व्हिस. इथे ट्रॉली बिघडली तर पाहणारा माणूस नाही, पावसाळ्यातला आपला चिखल तुम्हाला माहीत आहेच. दुसरं म्हणजे आपल्याकडे बऱ्याच क्लबांत कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) घ्यावाच लागतो आणि घ्यावाच असं मला वाटतं. माझा कॅडी या कोर्सवर लहानाचा मोठा झालाय. ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) कुठे कळत न कळत नदीकडे उतरतं, झाडीत गेलेला बॉल कुठे थांबला असेल, आज वारा आहे तर सातऐवजी सहा नंबरचा क्लब काढा, हे तो सांगतो, कुठली मोटर सांगणार? त्याच्या घरात त्या पैशावर चूल पेटते. आणि या मुलांमधून खेळाडू घडलेत हे विसरू नका, दिल्लीचा अली शेर कॅडीच होता आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला, ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ ला परत जिंकला.

तुमच्याकडे इंग्लंडात रोजचा कॅडी परवडत नाही, मिळतही नाही, तिथे ट्रॉली योग्यच. बाबांना त्याऐवजी एक चांगली हलकी बॅग आणा, कॅडीच्याही खांद्याला बरं.

थेम्सकाठी
काका, हे अगदी पटलं. बाबांचा कॅडी गेली कित्येक वर्षं एकच आहे, त्याच्या मुलीच्या शाळेच्या ॲडमिशनलाही बाबा गेले होते. बाबांना विचारलं असतं तरी त्यांनी नकोच म्हटलं असतं. हलकी बॅग आणतो, नक्की.

नियमावली
ट्रॉली वापरताना नियमांत काय बसतं यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी क्लबच्या स्पर्धा समितीत आहे.

तुमचा बॉल चुकून तुमच्याच ट्रॉलीला लागला तर २०१९ पासून दंड नाही, बॉल जिथे थांबेल तिथून खेळायचा. त्याआधी एक स्ट्रोकचा (फटक्याचा) दंड होता, त्यामुळे अजूनही जुनी मंडळी तुम्हाला दंड लावायला येतील, त्यांना नम्रपणे नियम ११.१ दाखवा. मुद्दाम ट्रॉली आडवी उभी करून बॉल अडवला तर मात्र दंड आहेच.

जीपीएसचं: अंतर मोजायचं उपकरण २०१९ पासून मुळातच चालतं, समितीने स्थानिक नियम करून बंद केलं असेल तरच नाही. पण चढ-उताराचा हिशेब धरून अंतर सांगणारी सोय स्पर्धेत वापरायची नाही, ती स्क्रीनवर असेल तर सेटिंगमधून बंद ठेवा. आमच्याकडे यावरून एक चांगली फेरी बाद करावी लागली, मला स्वतःला वाईट वाटलं होतं.

शिष्टाचार: ग्रीनवर आणि टीवर ट्रॉली नाही, ग्रीन आणि बंकर (वाळूचा खड्डा) यांच्या मधल्या पट्टीतूनही नाही. ग्रीनपाशी आलात की ट्रॉली पुढच्या टीच्या वाटेवर नेऊन लावा, पटर (ग्रीनवर बॉल होलात ढकलायचा क्लब) घेऊन या, म्हणजे पट झाल्यावर मागे चालत जावं लागत नाही आणि मागची मंडळी खोळंबत नाहीत. इलेक्ट्रिक ट्रॉलीत ठरावीक अंतर एकटी जाण्याची सोय असते, पंधरा-तीस मीटर वगैरे, ती याच कामाला उत्तम. तुम्ही पट करायला वळा, ती हळूहळू वाटेवर जाऊन थांबते. फक्त पुढची वाट सपाट आणि मोकळी आहे हे बघून.

डोंगरवाट
नियमावली साहेबांचा शेवटचा परिच्छेद कोरून ठेवण्यासारखा.

हिवाळ्याचं राहिलं होतं. इंग्लंडात पाऊस झाला की क्लब ट्रॉलीबंदी लावतात किंवा फक्त हिवाळी चाकांना परवानगी देतात. ती हेजहॉग चाकं, टायरवर छोटे छोटे प्लास्टिकचे काटे, त्यामुळे वजन त्या टोकांवर येतं आणि गवत कमी रगडलं जातं, शिवाय ओल्या उतारावर घसरत नाही. घेण्याआधी तुमच्या क्लबमध्ये विचारा की नोव्हेंबर ते मार्च काय नियम आहे, आणि तुमच्या मॉडेलला ती चाकं मिळतात का. मोठ्या ब्रँडला मिळतात.

चाकांवर डावं-उजवं लिहिलेलं असतं ते बघून लावा. उलटी लावली की मोटर फिरते आणि चाक फिरत नाही, नवीन घेतलेल्या निम्म्या लोकांचा दुकानाला पहिला फोन यासाठीच जातो. आणि चाक पूर्ण आत क्लिक होईपर्यंत ढकला, बाहेरच्या खाचेत ठेवलं तर ते मोकळं फिरतं. ती खाच मुद्दाम दिलेली आहे, बॅटरी संपली तर हाताने ओढत न्यायला.

धुताना प्रेशरचा पाइप मारू नका. क्लबच्या बाहेर हवेचा झोत असतो त्यानेही मोटरच्या तोंडावर मारू नका, पाणी आणि माती आत जाते. ओल्या फडक्याने पुसा, अधूनमधून चाकं काढून ॲक्सलला गुंडाळलेलं गवत काढा. बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर दिसला तर साफ करा, मधेच बंद पडण्याच्या निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

आडव्या उतारावर ट्रॉली खालच्या बाजूला वळायला बघते, तिथे हँडलला हलकासा हात लावून तिला सरळ ठेवा. वारा असेल तर छत्री होल्डरमध्ये उघडी ठेवून ट्रॉली सोडून जाऊ नका, शिडाच्या होडीसारखी निघून जाते. बॅगेतलं जड सामान खालच्या खिशांत.

थेम्सकाठी
सेकंडहँडबद्दल काय मत? इथल्या ऑनलाइन बाजारात ब्रेकवाली, तीन वर्षं जुनी, साडेतीनशेला दिसतेय.

विद्युत_अभियंता
बॅटरी मूळची की बदललेली ते विचारा, आणि मूळची असेल तर किंमतीतून नव्या बॅटरीचे पैसे मनातल्या मनात वजा करा. बघायला जाल तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा आणि बॅग लावून एखाद्या चढावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, रिकामी ट्रॉली अंगणात चालवून काही कळत नाही. ब्रेकही उतारावर तपासा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का हे कंपनीला सिरियल नंबर देऊन विचारता येतं, विकणाऱ्याच्या शब्दावर नको. बॅटरीचं आवरण फुगलेलं किंवा चिरलेलं असेल तर फुकट देत असला तरी घरात आणू नका.

नियमावली
आमच्या क्लबने लॉकर रूममध्ये लिथियम चार्जिंग बंद केलंय, विम्याच्या कारणाने. बऱ्याच ठिकाणी तसं होतंय. ट्रॉली क्लबमध्ये ठेवायचा विचार असेल तर तेही आधी विचारून घ्या.

थेम्सकाठी
अपडेट देतो. आज आमच्या क्लबच्या प्रो शॉपमध्ये गेलो, डोंगरवाट दादांनी सांगितलं तसं घडी करून डाव्या हाताने उचलली, मग गाडीपर्यंत नेली. जीपीएसवाली आणि साधी ब्रेकवाली अशा दोन्ही डिकीत घालून बघितल्या, दोन्ही मावतात. जीपीएस सोडून दिलं कारण मनगटावर घड्याळात अंतर दिसतंच. प्रो माणूस भला निघाला, डेमो ट्रॉली देऊन म्हणाला सतरा आणि अठरा चालून या. सतराव्याच्या चढावर खांद्याला काही कळलंच नाही, आणि अठराव्याच्या उतारावर ती माझ्या चालीने उतरली, मी नुसता हात ठेवला होता. ब्रेकवाली, ३६ होल्सची बॅटरी आणि हेजहॉग चाकं, सगळं मिळून बजेटच्या थोडं वर गेलं पण सांगून आलोय, पुढच्या आठवड्यात येईल. सेकंडहँडवाल्याला नाही म्हणून कळवलं.

शेवटचा प्रश्न, माझी सध्याची स्टँड बॅग (पाय असलेली) आहे, तीच चालेल का कार्ट बॅग (ट्रॉलीसाठीची) घ्यावी?

मेलबर्नकर
अभिनंदन! सध्या तीच वापरा. स्टँडचे पाय पट्ट्याने बांधून ठेवा नाहीतर ते सारखे उघडायला बघतात, आणि वरचा-खालचा पट्टा दोन्ही घट्ट. बॅग चालताना गोल फिरते आहे असं वाटलं तर मग कार्ट बॅग घ्या, त्यांचा तळ ट्रॉलीत पिनांवर बसतो, फिरत नाही, आणि सगळे खिसे पुढे येतात. तुमच्या ट्रॉलीच्या ब्रँडच्या पिना त्याच ब्रँडच्या बॅगेत नीट बसतात, तेवढं बघा.

डोंगरवाट
आणि पहिल्या दिवशी घरून निघताना बॅटरी घेतली का ते बघा, चार्जिंगला लावलेली तशीच घरी राहते. मी चार्जर गाडीच्या किल्लीशेजारी लावतो.